ट्रे ड्रायर जानेवारीत रेंगाळतो तेव्हा आधी डॅम्पर (हवेची झडप) बघा

तुमची अडचण मला समजली ती अशी: ग्वाल्हेरजवळच्या मालनपूरच्या शेडमध्ये ९६ ट्रेचा ड्रायर, १५ किलोवॅटचे हीटर, माल मेथी आणि आवळा. उन्हाळ्यात आठ तासांत निघणारी बॅच आता पंधरा तास घेते, तापमानाचा काटा ५५ अंशांवर टिकत नाही, ओली हवा बाहेर नेणाऱ्या डक्टमधून पाणी ठिबकतं. विक्रेता म्हणतो, कोहऱ्यामुळे (धुक्यामुळे) हवा ओली झालीय, डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्र, लावा.

दादा, डीह्युमिडिफायर घेऊ नका. ग्वाल्हेरच्या थंडीत तो बहुतेक वेळ स्वतःच्याच कॉइलवरचा बर्फ वितळवत बसेल, आणि ज्या रोगावर औषध म्हणून घेताय तो रोगच नाहीये.

कोहऱ्यात हवा शंभर टक्के ओली असते हे खरं, पण ते ५ अंशांवरचे शंभर टक्के. अशा एक किलो हवेत वाफ जेमतेम साडेपाच ग्रॅम. जुलैत ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असताना हाच आकडा २३ ग्रॅमपर्यंत जातो. दोन्ही हवा ५५ अंशांपर्यंत तापवा. जानेवारीच्या हवेची आर्द्रता ५-६ टक्क्यांवर उतरते, जुलैची २३ च्या आसपास अडकते. तरंगणारे थेंब धरले तरी ते घनमीटरला अर्ध्या ग्रॅमच्या आतच. म्हणजे एकदा तापली की ही हवा पावसाळ्यातल्या हवेपेक्षा कितीतरी कोरडी. खर्च आहे तो तापवण्याचा.

तो हिशोब मांडून बघा. समजा ड्रायर तासाला ६०० घनमीटर ताजी हवा ओढतो, म्हणजे साधारण ७२० किलो. मे महिन्यात ती ३५ अंशांवर येते, ५५ ला न्यायला ४ किलोवॅट लागतात. जानेवारीच्या पहाटे ५ वरून ५५ ला न्यायला १०. हीटर तोच १५ चा. उन्हाळ्यात पाणी उडवायला आणि भिंतींतून जाणाऱ्या उष्णतेला मिळून ११ उरायचे, आता ५ उरतात. वेळ दुप्पट का झाला हे इथेच कळतं.

आता यात आपल्या भागाची खास भर. डिसेंबर-जानेवारीत गहू-सरसोंचं पाणी चालू असतं, पंपांमुळे व्होल्टेज पडतं. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने बदलते. फेजला २३० ऐवजी २०० मिळाले तर १५ किलोवॅटचे सव्वाअकरा होतात, आणि वरच्या हिशोबात उरलेल्या पाचातला सव्वाच हातात राहतो. मग काटा ५५ वर कसा टिकणार? हे कुणी तपासतच नाही, कारण ब्लोअर फिरतोय, दिवे लागलेत, सगळं ठीक दिसतं. पहाटे मल्टिमीटर लावून तिन्ही फेज बघा, आणि क्लॅम्प मीटरने प्रत्येक फेजचा करंटही. एखादा एलिमेंट गेलेला असला तरी उन्हाळ्यात ते लपून जातं.

उपाय बिनपैशाचा आहे: ताज्या हवेचा डॅम्पर थोडा बंद करा. २५० घनमीटरवर आणलात तर हवा तापवायला ४ किलोवॅटच लागतात. ही ३०० किलो हवा ५५ अंश आणि ३० टक्के आर्द्रतेवर बाहेर पडली तरी तासाला साडेसात किलो पाणी घेऊन जाते, आणि तेवढं पाणी उडवायला साधारण ५ किलोवॅट. बाकीचं भिंतींना. सगळं १५ मध्ये बसतं. एक्झॉस्टमध्ये, म्हणजे बाहेर जाणाऱ्या हवेत, आर्द्रता मोजणारं मीटर लावा आणि त्यावरून डॅम्पर ठरवा: पहिल्या टप्प्यात ३०-४० टक्के राहू द्या. त्याच्या बरंच खाली असेल तर तुम्ही गरम हवा मोहल्ल्याला वाटताय. शेवटी मालातलं पाणी संपत आलं की ती आपोआप उतरते, तेव्हा डॅम्पर उघडायचा मोह टाळा. आणि वेळ वाचवायला सेटिंग ६५-७० ला चढवू नका. आवळ्याची साल वरून कडक होते आणि आत ओल कोंडते, मेथी तर काळी पडते.

ठिबकणारं पाणी वेगळ्या कारणाचं आहे. ४५ अंश, ४० टक्क्यांच्या एक्झॉस्टचा दवबिंदू (ज्या तापमानाला वाफेचं पाणी होतं तो) २८ अंशांच्या आसपास असतो, आणि पत्रा असतो ८ अंशांवर. पाणी सुटणारच. डक्टवर उष्णता धरून ठेवणारं ५० मिमी रॉकवूल चढवा, वरून पत्र्याचं आवरण (क्लॅडिंग), आणि उतार बाहेरच्या बाजूला द्या, म्हणजे पाणी ट्रेवर परत येणार नाही. रॉकवूल भिजलं की निकामी होतं, त्यामुळे क्लॅडिंगचे जोड सील करा. दरवाज्याचं गॅस्केट उदबत्तीच्या धुराने तपासता येतं.

मेथी धुतल्यावर हायड्रोमध्ये (गरगर फिरवून पाणी काढणाऱ्या यंत्रात) फिरवता का? पानावरचं प्रत्येक लिटर पाणी गरम हवेने उडवायला प्रत्यक्षात एक युनिट किंवा जास्त जातं, हायड्रोत ते जवळपास फुकट निघतं.

आता विक्रेत्याच्या म्हणण्यात जिथे तथ्य आहे ती जागा. कोहऱ्याची हवा न तापवता मालावर सोडली तर ती खरंच ओली असते. हीटर बंद करून माल गार करायला रात्रभर ब्लोअर चालू ठेवलात, तर कुरकुरीत मेथी सकाळी मऊ मिळेल. माल कोमट होईपर्यंतच ब्लोअर चालवा, मग लगेच बंद खोलीत नेऊन पॅक करा. फार गरम भरला तर पिशवीत आतून घाम धरतो. जमलं तर बॅच रात्री न लावता कोहरा उठल्यावर लावा. दुपारी हवा २० अंशांच्या वर असली तर आत्ता मांडलेलं बरंच ओझं उतरतं, आणि शेडच्या पत्र्याखालून हवा घेतली तर अजून थोडं.

तुमच्या मेहुण्यांच्या लेहच्या जर्दाळूच्या युनिटला मात्र हे आकडे लावू नका. साडेतीन हजार मीटरवर हवा इथल्या दोन-तृतीयांशच भरते. ब्लोअर घनमीटर तेवढेच फेकतो, पण वजनाने हवा कमी जाते, एलिमेंट जास्त तापतात, मोटरही नीट गार होत नाही. तिथे ब्लोअर आणि मोटर उंचीचा विचार करूनच निवडायला लागतात, आणि वाफेची कॉइल असेल तर रात्री तिच्यातलं पाणी काढून ठेवावं लागतं, नाहीतर गोठून फुटते.

तुम्ही पहाटेचं तिन्ही फेजचं व्होल्टेज, करंट आणि एक्झॉस्टची आर्द्रता कळवा. हीटरचा संच वाढवायचा की नाही ते त्यानंतर ठरवू.