मेक्सिकोत भाड्याचे घर : जामीन कोण राहणार?

परदेशी नोकरीनिमित्त जाणाऱ्यांच्या घराविषयीचे प्रश्न. या वेळची सगळी पत्रे बडोद्याची आणि सगळी मेक्सिकोविषयी आहेत.

प्रश्न : मुलाची कंपनी त्याला दोन वर्षांसाठी केरेतारोला पाठवते आहे. वाहनांच्या सुट्या भागांचा कारखाना आहे. तिथल्या दलालाने घर दाखवायच्या आधीच ‘फियादोर’ आहे का, असे विचारले. जामीनदार हवा आणि त्याच्या नावावर घर हवे म्हणे. आमचा कारेलीबागेत फ्लॅट आहे, कर्जही फिटलेले आहे. मी जामीन राहिलो तर चालेल का? (एक वडील, कारेलीबाग)

उत्तर : नाही चालणार. फियादोरचे (काही जण ‘आवाल’ म्हणतात) घर त्याच शहरात, फार तर त्याच राज्यात असावे लागते, तेही बोजा नसलेले. भाडे थकले तर त्या घरावर दावा लावता यावा, एवढाच त्यामागचा हेतू. केरेतारोच्या घरमालकाला कारेलीबागेतल्या फ्लॅटचा काही उपयोग नाही. तिथल्या मालकाची खरी धास्ती भाडे बुडण्याची नाही, भाडेकरू न निघण्याची आहे. कोर्टातून घर रिकामे करून घ्यायला तिथेही महिनोन्‌महिने जातात, हे बडोदेकरांना वेगळे सांगायला नको. नव्याने आलेल्या परदेशी माणसाला फियादोर मिळणे जवळजवळ अशक्य, हे दलालही जाणतात. म्हणून दुसरे रस्ते आहेत.

पहिला आणि सर्वांत सोपा म्हणजे करार कंपनीच्या नावाने करणे. भाडेकरू कंपनी, राहणार तुमचा मुलगा. मग जामिनाचा प्रश्न बहुतेक वेळा उरतच नाही. कंपनी हे आपणहून सुचवत नाही, मागावे लागते. ते बडोद्यातून निघण्यापूर्वी, बदलीच्या अटी ठरत असतानाच मागावे. तिथे पोचल्यावर मनुष्यबळ विभाग ‘बघतो’ म्हणतो आणि हॉटेलचे दिवस संपत येतात.

दुसरा रस्ता ‘पोलिसा हुरीदिका’चा. नाव ऐकून पोलीस आठवतात, पण त्यांचा इथे संबंध नाही, आणि हा विमाही नव्हे. ही वकिलांच्या पेढीची सेवा आहे. ते भाडेकरूची चौकशी करतात, करार लिहून देतात आणि पुढे भाडे थकले तर मालकाच्या बाजूने खटला चालवतात. संरक्षण मालकाला, पैसे मात्र बहुधा भाडेकरूचे. खर्च साधारण एका महिन्याच्या भाड्याच्या ३० ते ५० टक्के, एका वर्षासाठी. निम्मा वाटा मालकाने उचलावा असे म्हणून पाहायला हरकत नाही, कित्येक जण मानतात. दोन गोष्टी आधी विचारून घ्या : चौकशीत नकार आला तर भरलेले पैसे परत मिळणार का, आणि पोलिसा घेऊनही ‘ओब्लिगादो सोलिदारियो’ लागणार का. हा सह-जबाबदार म्हणून सही करणारा माणूस. त्याच्या नावावर बहुधा घर लागत नाही, पण मेक्सिकोतले उत्पन्न लागते. कारखान्यातला एखादा जुना सहकारी यासाठी तयार होऊ शकतो. मात्र आपण कशावर सही करतो आहोत, हे त्याला नीट समजावून सांगावे.

तिसरा रस्ता जास्तीच्या अनामतीचा किंवा काही महिन्यांच्या आगाऊ भाड्याचा. हा शेवटी ठेवावा. सहा महिन्यांचे भाडे एकदम दिले, की गळके छत दुरुस्त करून घेण्यासाठी हातात काहीच उरत नाही. द्यायचेच असेल तर ती रक्कम कोणत्या महिन्यांचे भाडे आणि किती अनामत, हे करारात वेगवेगळे लिहून घ्यावे.

हिशेब असा धरा. समजा भाडे १५,००० पेसो आहे. पहिला महिना १५,०००, अनामत एका महिन्याची १५,०००, पोलिसा ४० टक्क्यांनी ६,०००. किल्ली हातात येईपर्यंत ३६,००० पेसो लागले. सामान असलेल्या घराला दोन महिन्यांची अनामत मागतात. दलाली सहसा मालक देतो. बडोद्याच्या अलकापुरीतल्या दलालांसारखा दोन्हीकडून हात पसरलेला दिसला तर कारण विचारा.

कागद हे लागतात : पासपोर्ट, तात्पुरत्या निवासाचे कार्ड, तीन महिन्यांच्या पगारपावत्या किंवा बँकेचे उतारे, आणि उत्पन्न भाड्याच्या निदान तिप्पट. नव्या माणसाकडे तिथल्या पगारपावत्या कुठून असणार? त्याऐवजी पद, पगाराचा आकडा आणि नेमणुकीची मुदत लिहिलेले कंपनीचे पत्र स्पॅनिशमध्ये घ्यावे. ‘टू हूम इट मे कन्सर्न’ छापाचे इंग्रजी पत्र तिथे फारसे उपयोगी पडत नाही.

प्रश्न : मुलगी-जावई मेक्सिको सिटीला जाणार आहेत. संकेतस्थळावर कोन्देसा भागातला फार सुंदर फ्लॅट दिसला, भाडेही कमी आहे. मालक स्पेनमध्ये असतो. एका महिन्याचे भाडे ‘आपार्तादो’ (घर राखून ठेवण्याची रक्कम) म्हणून पाठवले की किल्ली कुरियरने देतो म्हणतो. पाठवावे का? (दांडिया बाजार)

उत्तर : एक पैसाही पाठवू नका. सुंदर घर, कमी भाडे, परदेशातला मालक आणि कुरियरने किल्ली, हा फसवणुकीचा ठरलेला साचा आहे. फोटो दुसऱ्याच कुणाच्या घराचे असतात.

घर इथून ठरवूच नये. पहिल्या तीन-चार आठवड्यांसाठी सामानासहित तात्पुरती जागा घ्यावी आणि तिथून शोध सुरू करावा. याला आणखी एक कारण आहे. नवी दिल्लीच्या दूतावासातून मिळालेल्या निवासी व्हिसावर गेले, की पोचल्यापासून ३० दिवसांच्या आत स्थलांतर संस्थेकडे निवासी कार्डासाठी अर्ज करावा लागतो. बरेच मालक ते कार्ड पाहिल्याशिवाय करार करत नाहीत. पुढे पत्ता बदलला तर तोही ९० दिवसांत त्याच संस्थेला कळवायचा असतो. घाईत हे हमखास राहून जाते आणि कार्डाच्या नूतनीकरणाच्या वेळी दंड होतो.

घर आवडले की मालकी तपासा. ‘एस्क्रितुरा’ म्हणजे खरेदीखताची प्रत, ‘प्रेदियाल’ म्हणजे मालमत्ता कराची पावती आणि मालकाचे मतदार ओळखपत्र, या तिन्हींवर एकच नाव हवे. सही दुसरा कोणी करणार असेल तर नोटरीसमोर झालेले मुखत्यारपत्र पाहा. आपार्तादो ही प्रथा खोटी नाही, पण घर पाहिल्यानंतर, पावतीवर आणि ‘चौकशीत नकार आल्यास परत’ या ओळीसह द्यायची असते.

आता कोन्देसाविषयी. तो भाग, शेजारचे रोमा आणि दोक्तोरेस, हे सगळे जुन्या तळ्याच्या मऊ गाळावर वसलेले आहेत. भूकंपाच्या लाटा तिथे मोठ्या होऊन येतात. १९८५ आणि २०१७, दोन्ही वेळा १९ सप्टेंबरलाच, या भागात इमारती कोसळल्या. राहूच नये असे नाही, लाखो लोक राहतात. पण इमारत कोणत्या वर्षीची, २०१७ नंतर तिची तपासणी झाली का आणि त्याचा कागद आहे का, हे विचारायला लाजू नका. १९८५ नंतर बांधकामाचे नियम कडक झाले. जुनी इमारत आणि तिच्या तळमजल्यावर खांबांवर मोकळे पार्किंग, ही जोडी टाळलेली बरी. पश्चिमेकडच्या टेकड्यांवरची आणि दक्षिणेच्या लाव्हाच्या खडकावरची जमीन घट्ट आहे.

पाण्यासाठी घर दोनदा पाहा, एकदा सकाळी आणि एकदा रात्री. जमिनीखालची टाकी ‘सिस्तेर्ना’ आणि गच्चीवरची टाकी ‘तिनाको’ आहेत का, पंप चालतो का, पाणी रोज येते की ठरावीक दिवशी, हे मालकाला नव्हे, पहारेकऱ्याला विचारा. प्यायचे पाणी सगळेच २० लिटरच्या ‘गार्राफोन’चे (मोठ्या बाटलीचे) घेतात, त्यामुळे वरच्या मजल्यावर लिफ्ट नसेल तर त्याचाही विचार करावा.

प्रश्न : तिथले मालक मांसाहार करता का, असे विचारतात का? (मांजलपूर)

उत्तर : नाही. बडोद्यातल्या काही सोसायट्यांत मासे खाणाऱ्या मराठी माणसाला दारातून परत यावे लागते, तसला अनुभव तिथे येत नाही. ते विचारतात माणसे किती, मुले किती आणि कुत्रा-मांजर आहे का.

प्रश्न : जाहिरातीत ‘आमुएब्लादो’, ‘लिनेआ ब्लांका’ असे शब्द असतात. घरात नेमके काय मिळते? मिक्सर, कुकर इथून न्यावा का? (रावपुरा)

उत्तर : ‘आमुएब्लादो’ म्हणजे सामानासहित. पलंग, सोफा, भांडीही असतात. ‘लिनेआ ब्लांका’ म्हणजे शेगडी, फ्रिज आणि धुलाई यंत्र. ‘कोसिना इन्तेग्राल’ म्हणजे ओटा आणि कपाटे, त्यात शेगडी असेल किंवा नसेलही. यातला एकही शब्द नसेल तर घर खरोखर रिकामे मिळते, कधी कधी दिव्यांच्या जागी नुसत्या तारा लोंबतात. ‘रेकामारा’ म्हणजे झोपायची खोली, आणि ‘दीड बाथरूम’ लिहिले असेल तर अर्ध्यात अंघोळीची सोय नसते. एक खाचखळगा लक्षात ठेवा : रिकाम्या राहत्या घराच्या भाड्यावर मूल्यवर्धित कर नाही, सामानासहित घरावर तो १६ टक्के आहे. सांगितलेले भाडे करासह की कराशिवाय, हे पहिल्याच फोनवर विचारावे. कंपनीला भाड्याचे रीतसर बिल लागणार असेल तर हा फरक खिशाला जाणवतो.

कुकर जरूर न्या. मेक्सिको सिटी २,२४० मीटर उंचीवर आहे, तिथे पाणी ९२-९३ अंशांनाच उकळते. उघड्या पातेल्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही. गास्केट आणि शिट्टीचे वॉल्व्ह दोन-दोन जास्त घ्या.

आपला मिक्सर मात्र नेऊ नका. तिथे वीज १२७ व्होल्टची. २३० व्होल्टचा मिक्सर त्यावर कण्हत फिरतो, चटणी होत नाही. व्होल्टेज चढवणारा ट्रान्स्फॉर्मर लावायचा तर ७५० वॉटच्या मिक्सरला निदान १,५०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा हवा. तो जड असतो आणि ओट्यावर जागा अडवतो. त्यापेक्षा अमेरिकेसाठी बनवलेले ११० व्होल्टचे भारतीय मिक्सर घ्यावे. मोबाइल, लॅपटॉपचे चार्जर चालतात, फक्त चपट्या पिनांचा अडॅप्टर लागतो. जुन्या इमारतींत पुष्कळ ठिकाणी दोनच भोकांचे सॉकेट असते, म्हणजे अर्थिंग नाही. फ्रिज लावायची जागा पाहताना हे बघा.

गॅस आपल्यासारखाच एलपीजी, पण बऱ्याच घरांत गच्चीवर मोठी टाकी असते आणि टँकर येऊन भरून जातो. टाकीवर बनावटीचे वर्ष असते. दहा वर्षांहून जुनी असेल तर तपासणीचा कागद मागा. पाणी तापवायचे यंत्र (त्याला तिथे ‘बॉयलर’च म्हणतात) गॅसवरचे असते. ते उघड्या हवेत, गच्चीत किंवा धुलाईच्या जागेत हवे. न्हाणीघरात किंवा बंद खोलीत असेल तर ते घर सोडा. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरने गुदमरल्याच्या बातम्या आपल्याकडे दर हिवाळ्यात येतात. कारण तेच, कार्बन मोनॉक्साइड.

प्रश्न : करार समोर आहे. बारा महिन्यांचा आहे, शिवाय बारा ‘पागारे’ सही करायला दिल्या आहेत. मुलाची मधेच बदली झाली तर? काय काय पाहावे? (वासणा-भायली रस्ता)

उत्तर : आपल्याकडे ११ महिन्यांचा करार करतात, कारण वर्षाहून जास्त मुदतीचा झाला की १९०८ च्या नोंदणी कायद्याने नोंदणी सक्तीची होते. मेक्सिकोत प्रत्येक राज्याची दिवाणी संहिता वेगळी. राजधानीत राहत्या घराचा करार कमीत कमी एक वर्षाचाच असतो आणि तो दोघांवर बंधनकारक असतो. भाडे पेसोंतच लिहावे लागते. २०२४ च्या दुरुस्तीनंतर वार्षिक वाढ आधीच्या वर्षाच्या महागाईदराहून जास्त करता येत नाही. म्हणून राजधानीत कोणी डॉलरमध्ये भाडे मागत असेल तर नम्रपणे कायद्याकडे बोट दाखवा. दुसऱ्या राज्यात वाढीचा दर करारात आकड्याने लिहून घ्या.

पागारेचा पगाराशी संबंध नाही, ती वचनचिठ्ठी आहे. दर महिन्याची एक, भाड्याच्या रकमेची. कोऱ्या सही केलेल्या धनादेशाइतकीच जपायची वस्तू. रक्कम, तारीख आणि कोणाला देय हे भरलेले नसेल तर सही करू नका. चिठ्ठी अमुक कराराच्या अमुक महिन्याच्या भाड्यापोटी आहे, असे तिच्यावर लिहून घ्या. भाडे भरले की त्या महिन्याची चिठ्ठी परत घेऊन फाडा. भाडे बँकेतूनच भरा. मालकाच्या खात्याचा १८ आकडी ‘क्लाबे’ क्रमांक करारातच असावा, म्हणजे मधेच ‘नवे खाते’ म्हणून कोणी निरोप पाठवला तर पैसे जाणार नाहीत.

बदलीसाठी वेगळे कलम लागते. ते नसेल तर उरलेल्या महिन्यांच्या भाड्यावर किंवा ठरलेल्या दंडावर मालकाचा हक्क राहतो. ‘कंपनीच्या पत्रासह दोन महिन्यांची सूचना आणि जास्तीत जास्त एका महिन्याचा दंड’ एवढे मान्य करून घेतले तर पुष्कळ झाले. सही झाल्यावर हे मागून मिळत नाही.

करारात एक कलम गुन्हेगारीविषयी असेल, घाबरू नका. २०१९ च्या कायद्याने गुन्ह्यात वापरलेली मालमत्ता सरकार काढून घेऊ शकते, म्हणून प्रत्येक मालक ते घालतो. उरले ‘इन्व्हेंतारियो’, म्हणजे सामानाची यादी. भिंतीवरचा प्रत्येक डाग आणि ओट्याची चीर फोटोसह तिला जोडा, दोघांच्या सह्या घ्या.

विजेची शेवटची दोन बिले मागा. बिल दोन महिन्यांनी येते, थकबाकी मीटरबरोबर राहते. केरेतारोसारख्या समशीतोष्ण गावी बारा महिन्यांची सरासरी दरमहा २५० युनिटच्या वर गेली, की अनुदान जाऊन चढा दर लागतो आणि आधीच्या भाडेकरूने लावलेला तो दर नव्याच्या बोकांडी बसतो. बिल मालकाच्या नावावर राहिले तरी प्रत मागून ठेवा. बँकेपासून इंटरनेटपर्यंत सगळीकडे पत्त्याचा पुरावा म्हणून तेच चालते.

शेवटच्या महिन्याचे भाडे ‘अनामतीतून कापा’ असे म्हणायचा मोह होतो, करारात ते बहुधा मना असते. मालक अनामत शेवटची बिले आल्यावर देतो, आणि तोवर मुलगा बडोद्याला परतलेला, तिथले बँक खाते बंद झालेले. म्हणून किल्ली द्यायच्या दिवशी मालकासमोर मीटरचा आकडा आणि गॅसच्या टाकीचा काटा यांचे फोटो घ्यावेत, अंदाजे बिल कापून बाकी रक्कम तिथेच खात्यात घ्यावी, आणि खाते त्यानंतर बंद करावे.