एका गोळीने महायुद्ध पेटतं का?

प्रश्न (कोपरी, ठाणे) : मुलाच्या पुस्तकात लिहिलंय, साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाला गोळी घातली म्हणून पहिलं महायुद्ध झालं. एवढ्यावरून?

गोळी झाडली २८ जून १९१४ ला, ऑस्ट्रियाने सर्बियावर युद्ध पुकारलं २८ जुलैला. मुलाला तो मधला महिना वाचायला सांगा. थांबायला वाव होता, पण ऑस्ट्रियाला सर्बियाचा काटा काढायचा होता आणि जर्मनीने पाठीशी उभं राहायचा शब्द दिला. जर्मन सेनानींना धास्ती वेगळीच होती : रशियाची सैन्यवाढ आणि रेल्वे १९१७ च्या सुमारास पुरी झाली की आपला निभाव लागणार नाही, तेव्हा लढायचं तर आत्ताच. मोठ्या युद्धांच्या कारणांत ही 'उद्या उशीर होईल'ची भीती मी सगळ्यांत वर ठेवतो.

प्रश्न (ठाणे पश्चिम) : आपल्याकडचं एखादं उदाहरण?

मध्यवर्ती कारागृहावरून जाताना भिंतीकडे बघा, तोच ठाण्याचा किल्ला. मराठ्यांनी तो १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतला. १७७४ मध्ये मुंबईच्या इंग्रजांना खबर लागली, की पोर्तुगीज साष्टी (ठाणे ज्यात येतं ते बेट) परत घ्यायला येताहेत. साष्टीवर इंग्रजांचा डोळा आधीपासूनच; दुसऱ्याने घेण्याआधी आपणच घ्यावी म्हणून डिसेंबरअखेर त्यांनी किल्ला घेतला. तिकडे पेशव्यांच्या घरात भाऊबंदकी. रघुनाथरावांनी १७७५ च्या सुरतेच्या तहात साष्टी-वसई देऊ केली आणि पहिलं इंग्रज-मराठा युद्ध लांबत गेलं. १७८२ च्या साल्बाईच्या तहानंतरही साष्टी इंग्रजांकडेच राहिली. लोभ, भीती, घरातली फूट, तिन्ही एकाच किल्ल्यात!

प्रश्न (नेरूळ) : मी न्हावा-शेवा बंदरात कामाला आहे. एवढा व्यापार असताना देश लढतील कशाला?

ब्रिटन आणि जर्मनी १९१४ पर्यंत एकमेकांची मोठी गिऱ्हाइकं होती, तरी लढलीच. व्यापाराने युद्ध महाग होतं, अशक्य होत नाही. उलट एकाच्या हाती नळाची चावी असेल तर धोका वाढतो. जपानचं बहुतांश तेल अमेरिकेतून यायचं. चीन आणि इंडोचीनमधल्या घुसखोरीवरून अमेरिकेने १९४१ च्या उन्हाळ्यात ते तोडलं. साठा रोज आटत होता. माघार घ्यायची, की डच वसाहतींतलं तेल बळकवायचं? ७ डिसेंबरला अमेरिकेच्या पर्ल हार्बर या नौदल तळावर जपानचे बॉम्ब पडले.

प्रश्न (वाशी) : मग नेत्यांचा अहंकार काहीच नाही?

आहे ना. पण अहंकारी नेते शांततेच्या काळातही ढीगभर असतात.