गुलाबाच्या शेंड्यांवर केशरी ठिपक्यांच्या काळ्या, काटेरी अळ्या फिरताहेत. कोणतं औषध फवारावं?

कोणतंच नाही. हातातला पंप आधी खाली ठेवा.

तुम्हीच लिहिलंय की शेंड्यांवर मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारी बारीक कीड, भरलाय, त्या माव्यातच या अळ्या हिंडताहेत आणि पानं मात्र कुठे कुरतडलेली नाहीत. मग त्या जगताहेत कशावर? माव्यावर. ही लेडीबगची पिल्लं आहेत. तोच तो लाल, ठिपक्यांचा गोल किडा. तो बोटावर येऊन बसला की आपण फोटो काढतो आणि त्याचं पिल्लू दिसलं की चपलेखाली घेतो.

जरा तिखट लिहितेय, पण याच विषयावरून आमच्या घरात झालेलं भांडण अजून मिटलेलं नाही.

माझ्या जास्वंदीला पिठ्या ढेकूण लागला होता. फांद्यांच्या बेचक्यांत कापसाचे बोळे चिकटवल्यासारखे पुंजके, खालची पानं चिकट, त्यावर काळी बुरशी आणि वरखाली मुंग्यांची रांग. मी ओल्या फडक्याने जमेल तेवढं पुसत होते. पुसता पुसता त्या पांढऱ्या गर्दीतले काही ‘ढेकूण’ वेगळे वाटले. बाकीच्यांपेक्षा मोठे, अंगावरच्या मेणाच्या झिपऱ्या लांब, आणि मुख्य म्हणजे ते चालत होते. पिठ्या ढेकूण एका जागी सोंड खुपसून बसतो, हललाच तर रेंगाळत. हे चांगले तुरुतुरु. भिंग घेऊन बसले. एकाने ढेकणाच्या अंड्यांच्या पुंजक्यात डोकं घातलं आणि बाहेर काढायचं नाव घेईना. पुंजका आतून पोकळ होत गेला. मग मान वर करून शेजारच्या ढेकणाला धरलं.

क्रिप्टोलीमस! लेडीबगच्याच कुळातला. मोठेपणी काळपट पाठीचा, नारिंगी डोक्याचा इवलासा भुंगेरा, लहानपणी मात्र हुबेहूब आपल्या भक्ष्यासारखा. गोड चिकट्यासाठी मुंग्या ढेकणांची राखण करतात आणि खायला आलेल्याला हाकलतात. या झिपऱ्यांमुळे पोराचा त्यांच्यातही निभाव लागतो. मूळचा हा ऑस्ट्रेलियाचा. 1890च्या दशकाच्या सुरुवातीला तो मुद्दाम कॅलिफोर्नियाला नेला, कारण त्याआधी 1888-89मध्ये त्याच्या एका भाऊबंदाने, रोडोलियाने, तिथल्या संत्र्या-लिंबांच्या बागा खवले किडीपासून वाचवल्या होत्या. लोक बोटीने समुद्र ओलांडून जे नेत होते, ते माझ्या कुंडीत फुकट येऊन बसलेलं. मी पुसणं बंद केलं.

पुढे आम्ही गावाला गेलो आणि किल्ली थोरल्या भाऊजींकडे होती. झाडांना पाणी घाला, एवढंच सांगितलं होतं. परत आलो तर जास्वंद औषधाच्या वासाने भरलेली आणि भाऊजी खूश. “अगं, केवढे मोठे मोठे झाले होते ते! एक ठेवला नाही बघ.”

मोठे मोठे होते तेच तर हवे होते! भाऊजींना भिंग दिलं, मेलेली अळी दाखवली, तिचे चांगले लांब पाय दाखवले. त्यांचं एकच, “किडा तो किडा.” ढेकणाच्या अंड्यांवर मेणाचं आवरण असतं, फवारा आतपर्यंत पोचत नाही. त्यामुळे ढेकूण पुन्हा आला. क्रिप्टोलीमस आला नाही. वर लाल कोळी आला, जाळ्यातला नेहमीचा कोळी नव्हे, पानांचा रस शोषणारा बारीकसा जीव: पानांवर फिकट टिपक्या आणि मागच्या बाजूला बारीक जाळी. कोळी हा कीटक नाहीच. अंड्यातून निघतो तेव्हा सहा पाय असतात, कात टाकली की आठ होतात. साध्या कीटकनाशकांना तो सहसा दाद देत नाही, त्याला खाणारे मात्र त्यात मरतात. भाऊजी म्हणतात उन्हाने झालं. कोरड्या उन्हात कोळी वाढतो, हे खरं. पण ऊन दरवर्षी होतं आणि कोळी त्याच वर्षी आला, याचं उत्तर त्यांनी आजतागायत दिलेलं नाही.

आणि हे एका जास्वंदीपुरतं नाही. सिरफिड माशीची अळी बिनपायाची, हिरवट, शेंबडासारखी दिसते, म्हणून मारतात. माव्याचा तीही फडशा पाडते. क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या किड्याच्या अळ्याही मावा खातात, पण त्याची अंडी केसाएवढ्या दांड्यांवर उभी असतात, ती बुरशी समजून पुसतात. पिल्लांचं लेंढार पाठीवर घेऊन जमिनीवर शिकार करत हिंडणारी लांडगा-कोळीण दिसली की झाडू. बागेत कोण काय खातं हे न बघता हात उगारणाऱ्याने प्लास्टिकची झाडं ठेवावीत, असं माझं स्पष्ट मत आहे. भाऊजींना हे तोंडावर सांगितलेलं आहे.

तर तुमच्या अळ्या. पानामागे उभी रचलेली पिवळी अंडी दिसली तर ती यांचीच असण्याची शक्यता आहे. वाढताना अळी कात टाकत जाते, शेवटच्या टप्प्यात दिवसाला डझनांनी मावा खाते. मग पानाला शेपटीकडून चिकटते आणि कोष होतो. तो पाखराच्या विष्ठेसारखा दिसतो, खरवडू नका. बोट लावलंत तर झटक्यात उभा राहतो, एवढं एकदा जरूर बघा. कोषातून निघालेला किडा पिवळट, मऊ आणि बिनठिपक्यांचा असतो, रंग आणि ठिपके नंतर हळूहळू उमटतात. ऊब असेल तर अंड्यापासून इथवर तीन-चार आठवडे. तोवर मुंग्यांची वाट तेवढी अडवा.

मावा पूर्ण जाईल का? नाही. माव्याच्या माद्या नराशिवाय जिवंत पिल्लं घालतात आणि त्या पिल्लांच्या पोटात पुढची पिढी आधीच तयार होत असते. आटोक्यात येईल, तेवढं पुरे. साबणाचं पाणी मारायचंच असेल तर अळ्या नाहीत अशाच फांदीवर, कारण ते मऊ अंगाच्या सगळ्यांनाच मारतं.

हो, आणि एक राहिलंच. गुलाबाऐवजी वांग्यावर किंवा बटाट्यावर अळ्या असतील, पिवळ्या, फांद्या फुटलेल्या काट्यांच्या, आणि पानांची जाळी झाली असेल, तर तो 28 ठिपक्यांचा भुंगेरा. कुळ तेच, पण हा पानंच खातो. त्या अळ्या खुशाल वेचून मारा. तेवढ्या एका झाडापुरते भाऊजी बरोबर.