इंदूरची जुनी रेल्वे स्टेशनं इंग्रजांनी कोणत्या शैलीत बांधली? एका दिवसात काय काय पाहता येईल?

तुमच्या प्रश्नातला 'इंग्रजांनी' हा शब्द मला लागला, म्हणून आधी तेवढंच सांगतो. शैलीचं नंतर बघू.

खंडवा ते इंदूर ही लाइन होळकरांच्या पैशातून झाली. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी 1870 मध्ये इंग्रज सरकारला या कामासाठी एक कोटी रुपये कर्ज दिलं. मुदत 101 वर्षं, व्याज साडेचार टक्के. घेणारं सरकार आणि देणारा इंदूरचा राजा. लाइनीचं नावच होळकर स्टेट रेल्वे होतं. पुढे ग्वाल्हेरच्या जयाजीराव शिंद्यांनी आग्रा–ग्वाल्हेर लाइनीला 75 लाख दिले आणि इंदूरहून नीमचकडे जाणाऱ्या लाइनीलाही तेवढेच. शाळेत हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. मला आजोबांनी शिकवलं, तेही एका भांडणातून.

आजोबा याच लाइनीवर, घाटाच्या पायथ्याच्या कालाकुंड स्टेशनला असिस्टंट स्टेशन मास्तर होते. आमचं घर इंदुरात रामबागेत, पण मे महिना लागला की आम्ही नातवंडं त्यांच्या क्वार्टरवर जायचो. 1979 च्या मे महिन्यात पुण्याहून आत्या आली होती. तिच्याबरोबर माझा आतेभाऊ, त्याला मी दादा म्हणतो. तो कॉलेजात, मी दहा वर्षांचा. रात्री जेवणं झाली की सगळे फलाटावर सतरंजी टाकून बसत, कारण खोलीत उकाडा आणि बाहेर चोरल नदीवरून वारा. घाट चढणाऱ्या गाडीला तिथे मागून दुसरं इंजिन लावत, त्याला सगळे बँकर म्हणायचे. पुढचं इंजिन शिट्टी द्यायचं, मागचं उत्तर द्यायचं, आणि मग पूर्ण गाडी एकदम हलायची. मला त्या दोन शिट्ट्यांच्या मधली शांतता अजून आठवते.

गाडी गेल्यावर दादा म्हणाला, "इंग्रज नसते ना आजोबा, तर तुमचं इंदूर अजून बैलगाडीतच असतं."

आजोबा चिडले नाहीत. ते उठून स्टेशन मास्तरच्या खोलीबाहेरच्या काळ्या फळ्याकडे गेले. गाडी किती लेट आहे ते त्यावर खडूनं लिहायचे. कोपऱ्यात 'खंडवा पॅसेंजर 25 मिनिटं' असं काहीतरी होतं, ते तसंच ठेवलं आणि खाली लिहिलं: 1,00,00,000. दादाला म्हणाले, "साडेचार टक्के काढ." दादानं काढले. वर्षाला साडेचार लाख. "आता 1870 मध्ये 101 मिळव." आले 1971. "त्या वर्षी काय झालं?" दादाला माहीत होतं: संस्थानिकांचे तनखे बंद झाले. आजोबा म्हणाले, "कर्जाची मुदत सरायला आली, तेव्हा ज्याच्या घराण्यानं ते दिलं त्याचा तनखाही गेला. आणि तू मला इंग्रजांचे उपकार सांगतोस."

मग ती जुनी गोष्ट सांगितली. घाट पुरा व्हायच्या आधी पहिली इंजिनं हत्तींनी ओढत इंदूरला नेली. माझं लक्ष त्या हत्तींकडे. दादाचं मात्र वेगळीकडे. तो म्हणाला, "पण इंजिनिअर गोरेच होते ना?"

हे एक वाक्य आमच्यात चाळीस वर्षांहून अधिक काळ चाललंय. लग्नात, बाराव्याला, फोनवर. आजोबा गेले, तरी संपलं नाही. माझं म्हणणं साधं आहे: गवंड्याच्या नावानं घर ओळखलं जात नाही. वास्तुशांतीला घरमालक बसतो. 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला ही लाइन राजपुताना–माळवा रेल्वेत मिसळली आणि होळकरांचं नाव गेलं. पुढे ती बीबी अँड सीआय म्हणजे बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेकडे, मग पश्चिम रेल्वेकडे. नाव पुसलं गेलं म्हणून आज तुम्ही सहज 'इंग्रजांनी' लिहिता. दोष तुमचा नाही, पण चूक आहे ती आहे.

आता शैली. मुंबईच्या व्हीटीसारखं घुमट, कमानी, रंगीत काचा असलं काही इथे शोधू नका. ही काटकसरीची लाइन होती. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, तेसुद्धा काटकसरीचंच. व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या काळात सरकारनं खर्च वाचवायला रुंद साडेपाच फुटी रुळांऐवजी एक मीटरचं मीटर गेज काढलं, आणि ही लाइन त्याच मापात झाली. गाड्या लहान, म्हणून फलाट बुटके आणि इमारती बेताच्या. घाटातल्या स्टेशनांवर काळा बसाल्ट, जाड भिंती, उतरतं छप्पर, पुढे ओसरी. शोभा कसली म्हणाल तर दगडाच्या सांध्यात. कालाकुंडला भिंतीजवळ उभं राहून हात फिरवा. टाकीचे घाव बोटांना लागतात आणि चुन्याची रेघ सरळ धावते. मला विचाराल तर शैली म्हणजे तेवढीच. इंदूरचं मुख्य स्टेशन मी तुम्हाला सुचवणारच नाही. ते इतक्या वेळा तोडलं-जोडलंय की जुनं शोधताना डोळे दुखतील. त्यापेक्षा सियागंजच्या बाजूनं बाहेर पडा, मिरची आणि चहापत्तीचा वास घ्या आणि महूच्या रस्त्याला लागा.

खरी वास्तू म्हणजे पातालपाणी ते कालाकुंड. साडेनऊ किलोमीटरचा घाट, चढ चाळीसात एक, म्हणजे चाळीस फूट पुढे गेलात की एक फूट वर. चार बोगदे, मोऱ्या-पूल अनेक. स्टेशनची इमारत तुम्ही बघता आणि बोगद्याच्या तोंडाची दगडी कमान बघत नाही, ही लोकांची नेहमीची चूक. पैसा आणि अक्कल दोन्ही तिथे ओतलीय. नर्मदेवरचा लोखंडी पूलही त्याच लाइनीतला, मोरटक्क्याला, 1876 चा. त्याला होळकर नर्मदा पूल म्हणत. आता तुम्हीच सांगा, नाव कुणाचं?

पातालपाणीला उतरलात तर टंट्या मामाचं मंदिरही बघा. मामा म्हणजे इंग्रजांविरुद्ध बंड करणारा टंट्या भिल्ल, 1889 मध्ये त्याला जबलपूरला फाशी दिली. त्याचं शव पातालपाणीजवळ आणून टाकलं असं इथले लोक मानतात. गाडी तिथे क्षणभर थांबायची. ब्रेक तपासायला असं कागदावर, पण ड्रायव्हर हात जोडायचे हे मी स्वतः पाहिलंय. आजोबा म्हणायचे, या घाटात दोन मालक आहेत, होळकर आणि मामा. इंग्रजांचं नाव त्या यादीत नव्हतं.

2023 च्या सुरुवातीला महू ते ओंकारेश्वर रोड मीटर गेज बंद झालं. ब्रॉडगेजची नवी लाइन या घाटातून जात नाही, चढ कमी ठेवायला ती लांबून वळसा घालते. बंद व्हायच्या आठवडाभर आधी दादाचाच फोन आला. "तो फळा अजून आहे का रे?" मी गेलो. फळा नव्हता. भिंतीत दोन खिळे होते आणि त्यांच्यामध्ये चुन्याचा एक चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ होता. त्याला फोटो पाठवला. त्यानं काही लिहिलं नाही, नुसता फोन केला आणि बराच वेळ आम्ही कालाकुंडच्या कलाकंदाबद्दल बोललो. तो फलाटावर पळसाच्या पानात मिळायचा आणि गाडी सुटेपर्यंत तो संपवायची आमची शर्यत असायची.

आता दुसऱ्या बाजूचं थोडं, कारण इथे कुणीतरी खाली लिहीलच. होळकरांनी हे दान म्हणून केलं नाही, व्याज घेतलं. तुकोजीराव व्यवहाराला चोख होते आणि मला त्याचा अभिमानच आहे. लाइनीचा आराखडा आणि गेजचा निर्णय सरकारचा, हेही खरं. सरकारला महूच्या छावणीपर्यंत फौज वेळेवर पोचवायची होती. माळव्याची अफू आणि कापूस मुंबईकडे न्यायचा होता. पहिला विचार प्रवाशांचा नव्हता. आणि घाटात सुरुंग लावून दगड फोडणाऱ्यांची नावं ना होळकरांच्या दप्तरात ठळक आहेत, ना इंग्रजांच्या. म्हणून दादाच्या 'गोरे इंजिनिअर' ला मी पूर्ण खोटं म्हणत नाही. अर्धं म्हणतो.

एका दिवसाचा प्रश्न होता. पहाटे निघा. इंदूरहून पातालपाणी पस्तीसेक किलोमीटर. 2018 च्या डिसेंबरात पातालपाणी–कालाकुंड हेरिटेज गाडी सुरू झाली, पण ती बारमाही नसते. कधी आहे ते बघूनच ठरवा. पावसाळ्यात धबधबा जोरात असतो आणि गर्दीही, म्हणून मधला वार धरा. गाडी नसली तरी स्टेशन आणि धबधबा होतातच. रुळांवरून बोगद्यात चालत जाऊ नका, तिथे बाजूला सरकायला जागा नाही. दुपारनंतर वेळ उरला तर बडवाह ओलांडून मोरटक्क्याचा पूल उन्हं कलताना बघा. दादाला मी अजून तिथे नेलेलं नाही. या दिवाळीत तो येतोय, तेव्हा नेणार आहे.