मार्गदर्शकांच्या नावाआधी 'प्रा.' की 'डॉ.'?

सांगलीच्या एका ताईंनी विचारलंय की, शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी.चा प्रकल्प सादर करायचाय, तर मुखपृष्ठावर मार्गदर्शकांच्या नावाआधी 'प्रा.' लिहायचं, 'डॉ.' लिहायचं की दोन्ही? आणि सरांना ईमेल करताना सुरुवात कशी करायची?

मी सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या कार्यालयात २७ वर्षं काढली. निमंत्रणपत्रिका, नामफलक, प्रमाणपत्रं, सगळ्यांची प्रुफं माझ्याच टेबलावरून जायची, त्यामुळे या बाबतीत बोलणी भरपूर खाल्लीत.

बोलताना काही अडत नाही. कुलगुरूंपासून तासिका तत्त्वावरच्या नव्या मुलापर्यंत सगळे 'सर', नाहीतर 'मॅडम'. ग्रंथपाल आणि शारीरिक शिक्षण संचालकही सरच. त्यांना नुसतं नावानं हाक मारणारी मुलं मी पाहिलीत, ते वाईट दिसतं. आपल्याकडे एकाच कॉलेजात चार पाटील आणि तीन जाधव असतात, म्हणून 'एस. बी. सर', 'व्ही. एम. सर' अशी आद्याक्षरं चालतात. ती व्हरांड्यापुरतीच ठेवा.

लिहिताना घोळ होतो, कारण 'डॉ.' ही पदवी आहे आणि 'प्रा.' हे पद. पदवी माणसाबरोबर निवृत्तीनंतरही राहते, पद नोकरीबरोबर येतं. पीएच.डी. नसलेले प्राध्यापक असतात आणि पीएच.डी. असलेले पण कुठेच शिकवत नसलेले लोकही असतात. दोन्ही असेल तर आपल्याकडे 'प्रा. डॉ.' लिहायची पद्धत आहे, पद आधी, पदवी नंतर. नुसतं 'डॉ.' लिहिलंत तरी कुणी रागावत नाही.

आता पदाबद्दल. पूर्वी अधिव्याख्याता, प्रपाठक आणि प्राध्यापक अशी उतरंड होती. यूजीसीच्या २०१० च्या नियमावलीनंतर तिच्या जागी सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक आले. म्हणून आज कुणाला 'लेक्चरर' लिहिलंत तर त्यांना पगार कमी केल्यासारखं वाटतं. नावाआधीचं 'प्रा.' मात्र आपण तिघांनाही सरसकट लावतो. काटेकोरपणे बघितलं तर ते तिसऱ्यांनाच लागतं, पण मराठीत हा रिवाज इतका मुरलाय की तो मोडायला जाऊ नका. नेमकं पद नावाखालच्या ओळीत येऊ द्या. प्राचार्यांना मात्र 'प्रा.' करू नका, तो शब्द पूर्ण लिहायचा.

एकदा आम्ही व्याख्यानमालेच्या पत्रिकेत एका वक्त्यांच्या नावाआधी न विचारता 'डॉ.' छापलं. एवढे व्यासंगी गृहस्थ म्हणजे डॉक्टर असणारच, असं मी गृहीत धरलं होतं. त्यांचा प्रबंध अजून व्हायचा होता. व्यासपीठावर ते काही बोलले नाहीत, पण स्थानिक पेपरात बातमी तशीच आली आणि तिचं कात्रण त्यांच्याच कॉलेजच्या स्टाफरूममध्ये कुणीतरी बोर्डावर लावलं. वर्षभर त्यांना 'या डॉक्टर' म्हणून चिडवत होते. 'डॉ.' राहून गेल्याची तक्रार माझ्याकडे दहा वेळा आली असेल, पण त्या माणसाचा फोनवरचा आवाज जास्त लक्षात राहिलाय. तेव्हा प्रबंध सादर झालाय की पदवी जाहीर झालीय, एवढं विचारूनच घ्या.

मानद पदवीचं वेगळं. कर्मवीर भाऊराव पाटलांना पुणे विद्यापीठाने १९५९ मध्ये डी.लिट. दिली, पण साताऱ्यात त्यांना कुणी डॉक्टर म्हटल्याचं मी ऐकलं नाही. अण्णा ते अण्णाच.

मार्गदर्शक मॅडम असतील तर 'प्रा. सौ.' किंवा 'प्रा. कु.' टाळा. जुन्या पत्रिकांत ते सर्रास असायचं, पण सरांच्या लग्नाची चौकशी मुखपृष्ठ कुठे करतं? 'प्राध्यापिका'सुद्धा नको, पदाचं नाव दोघांना एकच.

आणखी एक, हिंदी बातम्या वाचून मुलं हमखास चुकतात. तिकडे 'कुलपति' म्हणतात ते आपले कुलगुरू. आपल्याकडे कुलपती म्हणजे राज्यपाल. अर्ज कुलगुरूंना करायचा असताना 'मा. कुलपती' लिहिलेलं पत्र मी स्वतः परत केलंय.

ईमेल मराठीत असेल तर 'आदरणीय पाटील सर, सप्रेम नमस्कार' एवढं पुरे. उद्या ब्रिटनमध्ये अर्ज केलात तर मात्र 'सर' आणि आडनाव जोडू नका. तिथे नावाआधीचा 'सर' हा राजाकडून मिळणारा किताब, आणि तोही पहिल्या नावाला लागतो. 'प्रोफेसर' तिथे फक्त सर्वांत वरच्या पदाला म्हणतात, बाकीच्यांना 'डॉक्टर' आणि आडनाव. अमेरिकेत उलट, शिकवणाऱ्या कुणालाही 'प्रोफेसर' चालून जातं.

तुमच्या मुखपृष्ठावर पहिल्या ओळीत 'मार्गदर्शक', खाली 'डॉ.' आणि पूर्ण नाव, त्याखाली 'सहायक प्राध्यापक' किंवा जे असेल ते, मग विभागाचं नाव. पदाबद्दल शंका असेल तर सरांना विचारायला लाजू नका, नाहीतर विभागाच्या कार्यालयात जा. छपाईच्या आधी असं विचारायला येणारं पोर दिसलं की तिथला क्लार्क खूश होतो. मी तरी व्हायचो.