न खणता काय सोडून द्यावे?

प्रश्न : युद्ध संपून अर्धशतक उलटले तरी लाओसमध्ये शेतात जुने बॉम्ब फुटून माणसे दगावतात, असे वाचले. छायाचित्रातील चेहरे ओळखणारे मशीन लर्निंगचे तंत्र जमिनीत गाडलेला, न फुटलेला दारूगोळा शोधून देऊ शकणार नाही का?

उत्तर : त्याचा उपयोग होतो, पण शोधण्यापेक्षा निवडण्यासाठी अधिक. लाओसवर १९६४ ते १९७३ या काळात २० लाख टनांहून अधिक बॉम्ब पडले आणि क्लस्टर बॉम्बमधून विखुरलेल्या सुमारे २७ कोटी छोट्या बॉम्बांपैकी ३० टक्क्यांपर्यंत फुटलेच नाहीत, असा अंदाज आहे. उथळ पुरलेला धातू साध्या धातुशोधकालाही सापडतो. मात्र फुटलेल्या गोळ्याची ठिकरी, खिळा किंवा तार यांवरही तो तितक्याच इमानाने वाजतो, आणि मग प्रत्येक ठिकाणी खाली जिवंत गोळा आहे असे धरूनच हलक्या हाताने माती उकरावी लागते. वेळ आणि पैसा खर्च होतो तो इथे, कारण बहुतेक खड्ड्यांतून निघते ते भंगारच.

म्हणून विद्युतचुंबकीय संवेदक वापरतात. त्याच्या कॉइलमधील प्रवाह एकदम तोडला की खालच्या धातूत क्षणभर प्रवाह फिरतात आणि काही मिलिसेकंदांत विरून जातात. जाड पोलादी कवचात ते रेंगाळतात, पातळ पत्र्यात चटकन मावळतात. वस्तूला तीन दिशांनी चेतवून पाहिले तर तिचा घाटही कळतो : तोफगोळा लांबट आणि गोल असल्यामुळे त्याच्या अक्षाच्या दिशेचा प्रतिसाद वेगळा असतो, आडव्या दोन्ही दिशांचे मात्र परस्परांशी जुळतात, वेड्यावाकड्या ठिकरीचे तिन्ही सहसा जुळत नाहीत. खणून खात्री केलेल्या वस्तूंच्या अशा नोंदींवरून संगणक शिकतो. अमेरिकेत अलाबामातील कॅम्प सिबर्ट या जुन्या लष्करी तळावर २००७ साली अशा वर्गीकरणाची चाचणी झाली. तिथे ४.२ इंची उखळी तोफेचे गोळे एवढीच जात शोधायची होती, त्यामुळे काम तुलनेने सोपे होते. गोळ्यांच्या अनेक जाती मिसळलेल्या असल्या, किंवा छोटे बॉम्ब ठिकऱ्यांएवढेच असले, की निवड अवघड होते.

प्रश्न : अशी प्रणाली ९५ टक्के अचूक असेल, तर तिच्यावर विसंबावे का?

उत्तर : निव्वळ या आकड्यावर मुळीच नाही. जिथे शंभरातील ९५ वस्तू भंगार आहेत, तिथे सरसकट सगळ्यालाच भंगार म्हणणारी प्रणालीही ९५ टक्के अचूक ठरेल! भंगार गोळा समजून खणले तर एक खड्डा वाया जातो. उलट चूक झाली तर जीव जातो. त्यामुळे धोक्याच्या क्रमाने यादी करून वरून खणत जातात, ज्यांचा संकेत नीट वाचता येत नाही त्या जागा न चुकता खणतात, आणि थांबण्याची रेषा ठरल्यावर तिच्या खालच्याही काही जागा उकरून पाहतात. शिवाय विश्लेषकांना न सांगता काही निकामी गोळे आधीच पुरून ठेवलेले असतात. त्यांतला एक जरी यादीच्या भंगाराच्या भागात सापडला, तरी ती रेषा पुन्हा ठरवावी लागते.