बटण दाबलं की काळवंडणारी काच, घरी लावता येईल का?

प्रश्न: सर, मुलीकडे लंडनला जाताना ड्रीमलायनर विमान होतं. खिडकीला शटरच नाही, बटण दाबलं की काच हळूहळू निळी होत जाते. तशी काच घरी लावून तिला सोलर न् सेन्सर जोडता येईल का? आमचा हॉल पश्चिमेला, दुपारी ४ नंतर तिथे बसवत नाही हो.

उत्तर: येईल की. सेन्सरची जोडी तर जुनीच आहे, बऱ्याच गाड्यांत आतला आरसा मागच्याचे हेडलाइट पडले की आपोआप काळवंडतो तो हाच प्रकार, पुढे एक सेन्सर न् मागे एक, दोघांचा उजेड ताडून आरसा ठरवतो किती काळं व्हायचं. विमानात दोन काचांच्या मधे विजेने काळवंडणारं जेल असतं, घरांसाठीच्या काचेवर बहुतेकदा टंगस्टन ऑक्साइडचा पातळ थर. थोडासा व्होल्टेज दिला की लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले बारीक कण, त्या थरात शिरतात आणि तो निळा पडतो, उलटा दिला की परत पारदर्शक. गंमत म्हणजे रंग बदलतानाच काय ती वीज लागते, नंतर तो बराच वेळ तसाच टिकतो, म्हणून चौकटीत सोलरची बारीक पट्टी पुरू शकते, आणि ऊन कडक तेव्हाच वीजही जास्त, हे मला फार आवडतं!

मोठी काच गडद व्हायला काही मिनिटं घेते पण. आणि दुकानदार बटणासरशी दुधी होणारी काच दाखवेल, ती वेगळी, तिने आडोसा होतो, ऊन फारसं अडत नाही. किंमत ऐकून घाम फुटला तर सरळ बाहेरून बांबूच्या चिकाचा पडदा लावा.